पाचारणाची भाषा : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील जीवितहेतूचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मोजक्या महाराष्ट्रीय स्त्रीपुरुषांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून आपल्या या स्थित्यंतराची हकीकत लिहून ठेवली, त्यांच्या लेखनाकडे मराठी समीक्षेने बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी समाजेतिहासकाराची. तिला या पुस्तकांत विधवांची स्थिती, जातिबंधनांची घट्ट वीण, मिशनशाळांचा प्रभाव असा उपयुक्त ऐवज सापडतो. दुसरी दृष्टी वादपटूची. धर्मांतर योग्य की अयोग्य, प्रामाणिक की प्रलोभनजन्य, एवढाच प्रश्न तिच्यापुढे असतो. वाङ्मय म्हणून या लेखनाकडे पाहणाराने मात्र निराळा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या जन्माला काही हेतू आहे आणि तो आपल्याला एका विशिष्ट श्रद्धेच्या उजेडात सापडला, असे जेव्हा एखादा लेखक सांगतो, तेव्हा ते सापडणे त्याच्या गद्यात कोठे घडते? बाप्तिस्म्याच्या प्रसंगी, त्याच्या आधी, की पुष्कळ नंतर?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेने धर्मपरिवर्तनाचा जो नमुना जगापुढे ठेवला तो क्षणाचा आहे. दमास्कसच्या वाटेवर पौलाला दिपवणारा प्रकाश काय, किंवा मिलान येथील बागेत ऑगस्टिनला ३८६ मध्ये आलेला अनुभव काय, दोन्ही ठिकाणी एका क्षणाने आयुष्याचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्या तुकड्याला पहिल्या क्षणीच त्याचे काम नेमून मिळते. मराठी बायबलात यासाठी 'पाचारण' हा शब्द रूढ झाला. हाक येणे आणि कामावर रुजू होणे हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत.

आपल्याकडील भक्तिपरंपरेत या दोन गोष्टी सहसा वेगळ्या राहिल्या. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा अनुग्रह स्वप्नात झाला आणि कवित्वाची आज्ञाही स्वप्नातच झाली. पण ती आज्ञा नामदेवांनी पांडुरंगासह येऊन केली. अनुग्रहाचे स्वप्न निराळे, कामाचे स्वप्न निराळे. ज्या महाराष्ट्रीय मनावर ही दुसरी परंपरा बालपणापासून ठसलेली होती, त्याने पहिल्या परंपरेच्या साच्यात आपली कथा सांगू पाहिली, तेव्हा साचा आणि अनुभव यांत अंतर पडणे अपरिहार्य होते. या अंतरातच त्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्य साठलेले आहे.

साचा मराठीत लवकर आला. बनियनच्या यात्रारूपकाचे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर १८४१ चे. तेच रूपक तमिळमध्ये कृष्ण पिळ्ळै यांच्या हाती गेले तेव्हा त्याचे 'रक्षण्य यात्रिकम्' हे महाकाव्य झाले (१८९४). मराठीत मात्र त्याचा परिणाम पद्यापेक्षा आत्मवृत्तावर अधिक झाला असे म्हणता येईल. वाट, ओझे, दरवाजा आणि पलीकडचा प्रकाश या क्रमाने आयुष्य सांगण्याची सवय त्याने लावली.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' हे या सवयीचे उत्तम उदाहरण होय. नावापासूनच पुस्तकाची दिशा ठरलेली आहे. बेळगावच्या कासार कुटुंबातील घरगुती देवधर्म, मिशनशाळेतील शिक्षण, मुंबईतील परमहंस मंडळीशी आलेला संबंध, मनात वाढत गेलेले संशय, आणि अखेर १८५४ मध्ये बेळगाव येथे झालेला बाप्तिस्मा, असा काळोखाकडून उजेडाकडे जाणारा हा क्रम आहे. पदमनजींचे गद्य स्वच्छ आहे, निरीक्षण सूक्ष्म आहे. परमहंस मंडळीसारख्या गुप्त संस्थेच्या अंतरंगाविषयी अभ्यासकांना या पुस्तकाकडे वळावे लागते, यावरून त्या निरीक्षणाची किंमत कळावी. परंतु सूर्य उगवला की पहाटेचे वर्णन संपते, तसे हे पुस्तकही संपते. ज्या माणसाने पुढे शंभराच्या घरात पुस्तके लिहिली, ज्याच्या 'यमुनापर्यटना'ला (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी म्हणण्याचा प्रघात आहे, त्याला आपले काम लेखणीचे आहे हे केव्हा आणि कसे उमगले, याविषयी 'अरुणोदय' फारसे बोलत नाही. सत्य कळले म्हणजे हेतूही कळला, असे त्यात गृहीतच धरलेले आहे. मिशनशाळेत घडलेल्या त्या पिढीच्या विवेकनिष्ठेला हे गृहीत शोभते. आत्मकथनाला मात्र ते अपुरे पडते. वाचकाला जो माणूस भेटतो तो सत्याचा शोधक आहे. 'यमुनापर्यटन' लिहिणारा माणूस त्याला त्या पुस्तकात भेटत नाही.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत ही दरी त्यांनी स्वतःच उघडी करून दाखविली आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास आणखी आठ वर्षे लागली. धर्मांतराच्या वाङ्मयात असे विधान विरळा. बाप्तिस्मा देणाऱ्यांनाही ते सुखाचे वाटण्याजोगे नव्हते आणि धर्मांतराबद्दल दोष देणाऱ्यांनाही नव्हते. रमाबाई दोघांच्याही हिशेबात बसत नाहीत.

मधल्या वर्षांत त्या काय करीत होत्या, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला आणि रमाबाईंविषयीची चर्चा त्यानंतर बदलली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रांतील वाद वरवर पाहता त्रैक्याचा आणि चर्चच्या अधिकाराचा आहे. पण त्यात एक लहानशी गोष्ट आहे, जी अनुवादकाच्या नजरेतून सुटू नये. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, असा रमाबाईंचा आक्षेप होता. लॅटिन त्यांना परकी होती, संस्कृत त्यांची होती, आणि प्राचीनतेत किंवा पावित्र्यात संस्कृतने कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. आईने शिकविलेल्या भाषेत देवाचे नाव असावे, हा हट्ट धर्मशास्त्राच्या वादापेक्षा खोलवरचा आहे. मिळालेली श्रद्धा अजून आपल्या शब्दांत उतरलेली नाही, आणि ती उतरल्यावाचून आपली होणार नाही, हे त्यांना तेव्हाच जाणवले असले पाहिजे.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. तेथे १८९३ च्या सुमारास धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून अनाथ मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. याच रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. साक्षीत त्या दिवसांचे वर्णन ज्या संयमाने येते तो संयम वाचला म्हणजे केडगावचे काम कोठून उगम पावले हे निराळे सांगावे लागत नाही. येथे हेतूने वरून खाली येऊन माणसाला धरलेले नाही. जुनी जखम होती. श्रद्धेने तिला दिशा दिली, आणि त्या दिशेला काम आधीच उभे होते.

रमाबाईंचे अखेरचे मोठे काम मात्र केडगावच्या कीर्तीत झाकले गेले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा उतारवयात शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ च्या एप्रिलात, मृत्यूपूर्वी थोडाच काळ, ते हातावेगळे झाले आणि १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. या भाषांतरामागे एक कठोर भाषिक तत्त्व होते. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर शब्द हिंदू दर्शनांचे अर्थ आपल्याबरोबर घेऊन येतात, त्यामुळे मूळ अर्थ झाकोळतो, आणि अशिक्षित बाईला तर ते कळतच नाहीत, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी ते शब्द निवडून काढून टाकले. क्रुसावर संस्कृत मागणारी स्त्री आयुष्याच्या शेवटी आपल्या मराठीतून संस्कृत वेचून काढते, हा प्रवास साधा नव्हे. तो केवळ मतपरिवर्तनाचा मानणे उथळपणाचे होईल. मध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली उभ्या होत्या, आणि भाषांतर त्यांच्यासाठी होते. वाङ्मयीन दृष्टीने पाहता या तत्त्वाने भाषांतराचे नुकसानही केले आहे. शब्दांना चिकटलेला इतिहास खरवडून काढला की त्यांची धारही काही ठिकाणी जाते. अनुवादाच्या अभ्यासकांनी रमाबाईंचे बायबल आणि रूढ बायबल शेजारी ठेवून ओळीओळीने वाचले पाहिजे. ते काम अजून पुरेसे झालेले नाही.

नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) नेमका उलटा मार्ग धरला. संस्कृतचे व्युत्पन्न पंडित, वक्ते, शीघ्रकवी आणि मनाने देशभक्त असलेल्या टिळकांना राष्ट्राच्या उद्धारासाठी नवा धर्म हवा होता. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ च्या चरित्रामुळे ही कथा इंग्रजी वाचणाऱ्या भारतभर पोचली आणि ती बहुधा येथेच थांबविली जाते. वस्तुतः येथे कवी टिळकांचा शोध जेमतेम सुरू झाला होता.

कारण नवा धर्म पत्करल्यावर टिळकांच्या हाती जी पद्ये आली ती परदेशी चालींवर बसविलेली होती. मराठी शब्द इंग्रजी चालीच्या चौकटीत कोंबले की त्यांचे ऱ्हस्वदीर्घ मोडतात, आणि ज्या भाविकाच्या कानात अभंग घुमतो त्याला त्यात देव भेटत नाही. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हे सारे ख्रिस्तासाठी मागून घेतले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, गुरू म्हटले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. या उद्गाराचा उपयोग व्याख्यानांतून इतका झाला आहे की त्यातील अडचणीकडे दुर्लक्ष होते. सेतूवरून माणूस पलीकडे जातो, सेतू मागे राहतो. टिळकांच्या कवितेत मात्र सेतू मागे राहिलेलाच नाही. त्यांनी सेतूवरच घर बांधले. मराठी चर्चमध्ये आजही जी गीते म्हटली जातात त्यांत टिळकांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांतील उत्तम गीतांचा श्वास वारकरी आहे. ओवीत ख्रिस्तकथा गाणारे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ चे खरे. परंतु परक्याने आपली भाषा प्रेमाने आत्मसात करणे वेगळे आणि आपल्याच भाषेत परका ठरलेल्या माणसाने ती परत मिळविणे वेगळे.

हे मिळविणे टिळकांना फुकट पडले नाही. मिशनच्या चाकरीत राहून राष्ट्राच्या मनाला हात घालता येत नाही, हा सल वर्षानुवर्षे वाढत गेला. १९१७ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी ती चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक मेळा उभारण्याचा संकल्प केला. जीवितहेतू सापडला असे टिळक ज्याला मनापासून म्हणू शकले असते तो क्षण हा होय. हाती उरले होते जेमतेम दीड वर्ष. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एवढ्यावरून तो संकल्प स्वप्नाळू होता असा निकाल देणाऱ्यांनी टिळकांची उत्तरकालीन भजने पुन्हा वाचावीत. संस्था उभारण्याची कला टिळकांना अवगत नव्हतीच. पण त्या भजनांतील मोकळेपणा दरबाराच्या कल्पनेवाचून आला नसता.

या सर्वांपेक्षा निराळी, आणि वाङ्मय म्हणून निःसंशय श्रेष्ठ, अशी साक्ष जिने दिली तिला आपण साक्ष देत आहोत याचे भानच नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून त्याचा गौरव झाला आहे. जोसेफिन इंकस्टर यांचा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचा २०१७ मध्ये आल्याने ते मराठीबाहेरही वाचले जाते. तथापि हा गौरव बहुधा विनोदाचा, प्रांजळपणाचा आणि एका विक्षिप्त प्रतिभावंताच्या संसारचित्राचा असतो. 'स्मृतिचित्रे' हे धर्मशोधाचे पुस्तक आहे हे म्हणताना समीक्षक थोडे अडखळतात, कारण त्यात धर्मचर्चा जवळजवळ नाही.

पण पाणी आहे. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाई आपल्या वडिलांचे जे चित्र काढतात ते सोवळ्याने झपाटलेल्या माणसाचे आहे. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका ज्येष्ठ आप्ताला फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या मनाचा तोल गेला, आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मिठासारखीही, धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. वाचक हसतो. लेखिकेलाही हसणेच अभिप्रेत आहे. पण या हास्याच्या तळाशी एक प्रश्न ठेवला गेलेला असतो. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे कोणी ठरविले? टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरची ताटातूट, नातलगांकडे काढलेली वर्षे, मग पतीजवळ येऊनही वेगळी चूल आणि वेगळे पाणी सांभाळून केलेला संसार, या सर्व काळात तो प्रश्न बाईंच्या घागरीत सोबतच असतो. अखेर त्याचे उत्तर त्यांना कोणी मिशनरी देत नाही, टिळकही देत नाहीत. माणसामाणसांतील हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केलेले आहेत, हे त्या स्वतःच्या विचाराने ठरवितात, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतात.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पदमनजींच्या पुस्तकात सिद्धांत पटतो आणि मग आचार बदलतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचाराचाच एक धागा उसवतो, आणि तो उसवता उसवता सिद्धांत हाती येतो. ज्या मुलीचे बालपण धुण्यापुसण्यात गेले तिला देव भेटायचा तर त्याच वाटेने भेटणार. आपल्याला जीवितहेतू सापडला, असे वाक्य 'स्मृतिचित्रां'त शोधून सापडणार नाही. त्याऐवजी सापडते ते प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेला उभी राहिलेली बाई, टिळकांनी घरात आणून सोडलेल्या माणसांच्या पंगतीला वाढणारी बाई, आणि बालकवी ठोमऱ्यांसारख्या हळव्या पोराला आईच्या मायेने सांभाळणारी बाई. ज्याला पाचारण म्हणावे ते येथे घरातल्या हाकेसारखे येते. कोणीतरी दाराशी उभे असते, आणि बाई हातातले काम टाकून बाहेर येतात.

भाषेच्या प्रश्नाचे उत्तरही लक्ष्मीबाईंनीच अजाणता दिले. रमाबाईंनी भाषा धुऊन काढली. टिळकांनी जुन्या मूर्तीवर नवे वस्त्र चढविले. दोन्ही उपाय पंडितांचे आहेत. लक्ष्मीबाईंना पती हाच शिक्षक, आणि तोही धरसोडीचा. व्युत्पत्तीचे ओझे त्यांच्यावर नव्हते. नाशिककडच्या ब्राह्मणी स्वयंपाकघरातील बोली त्यांनी जशीच्या तशी चर्चच्या आवारात नेली, आणि तिने तेथेही बिनतक्रार काम केले. या भाषेत धर्मांतराने फारसे काही बदलत नाही. शब्द तेच, म्हणी त्याच, रागावण्याची तऱ्हाही तीच. बदलते ते एवढेच की पूर्वी ज्यांच्याविषयी या भाषेत बोलले जात असे त्यांच्याशी आता याच भाषेत बोलले जाते. इंग्रजी अनुवादांत नेमके हेच हरवते. शांता गोखले यांचा अनुवाद चोखंदळ आहे, इंकस्टर यांच्यापेक्षा मूळच्या तिखटपणाला अधिक जागणारा आहे. परंतु ब्राह्मणी बोलीतून ख्रिस्ती घर बोलते आहे हे जे मराठी कानाला प्रत्येक वाक्यात ऐकू येते, ते ऐकविण्याचे साधन इंग्रजीजवळ नाही. कन्नड किंवा तमिळ अनुवादकाजवळ ते असू शकेल. जातीजातींच्या बोलींतील अंतर त्या भाषांनाही ठाऊक आहे. भारतीय भाषांतून 'स्मृतिचित्रे' पोचण्याचे महत्त्व या कारणासाठी आहे. केवळ प्रसिद्धीचा तो प्रश्न नव्हे.

राहता राहिले 'ख्रिस्तायन'. ख्रिस्तचरित्राचे हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले आणि पहिले दहाएक अध्याय लिहून ते अपुरे ठेवून ते गेले. पुढील साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्यदृष्ट्या हे अध्याय 'स्मृतिचित्रां'च्या गद्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. बाईंची प्रतिभा कथनात खुलते, वर्णनात अवघडते. तरीही मराठी काव्याच्या इतिहासात त्याची जी उपेक्षा झाली ती अन्याय्य आहे. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आपल्या अपुऱ्या राहिलेल्या अभंगसंख्येची भरपाई मागतात. लक्ष्मीबाईंकडे तसे काही मागितल्याची नोंद नाही. नवऱ्याचे अपुरे काम समोर पडलेले होते, आणि घरातले पडलेले काम उचलायचे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. टिळकांचे अध्याय संपून लक्ष्मीबाईंचे सुरू होतात तेथे शैलीचा सांधा स्पष्ट दिसतो. संस्कृत समासांची गती मंदावते, ओळ आखूड होते, आणि येशूच्या भोवती जमलेल्या गर्दीतील बायका बोलू लागतात.